१८५ ग्रॅमची वार

मार्चचा तिसरा आठवडा. साखर कारखान्यांचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून अवकाश होता, पण उसतोड टोळ्यांतल्या आजारी बाया तेव्हापासूनच गावाकडे परतू लागतात. रात्री साडेनऊला १०८ मधून एक बाई आमच्या वॉर्डात आली. मराठवाड्यातलं सरकारी रुग्णालय, त्यामुळे स्ट्रेचरआधी सासू आत आली आणि सासूच्या हातातली कापडी पिशवी. पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, एक चुरगळलेली चिठ्ठी आणि लोहाच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट.

बाईचं वय २४, दुसरं गर्भारपण, २९ आठवडे. बीपी १७२/११४. लघवीत प्रोटीन तीन प्लस. दोन दिवसांपासून डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. हिमोग्लोबिन ८.४, प्लेटलेट १ लाख ३८ हजार. पोटावर हात ठेवला तर गर्भाशयाची उंची जेमतेम २४ आठवड्यांची. सोनोग्राफीत बाळाचं वजन अंदाजे ८४० ग्रॅम आलं. या आठवड्याला ते सव्वा किलोच्या आसपास असायला हवं. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर तपासणीत गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांच्या आलेखात खाच होती, म्हणजे तिकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होता. नाळेच्या धमनीत तर बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये रक्त पुढे सरकतच नव्हतं.

निदानात संशयाला जागा नव्हती. लवकर सुरू झालेला तीव्र प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गर्भारपणात बीपी चढून आईच्या अवयवांना इजा करणारा आजार, आणि त्यासोबत बाळाची खुंटलेली वाढ. बीपी उतरवायला लॅबेटॅलॉल शिरेतून दिलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं: ४ ग्रॅम शिरेतून, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. हे इंजेक्शन स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणीही असतं. २००२ मध्ये ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार गर्भवतींवर झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचं सिद्ध झालं. बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनचे चार डोस, दर बारा तासांनी. मग एकेक दिवस मोजत बसलो. सहाव्या दिवशी प्लेटलेट १ लाख १२ हजारांवर आल्या आणि बाळाचे ठोके पडू लागले. त्याच दुपारी सिझेरियन केलं. मुलगी झाली, ८८० ग्रॅमची. रडली, पण मांजराच्या पिलासारखं.

बाळाला एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात हलवलं. मी टाके घालून बाहेर आले, तर दारात सासू उभी.

"मॅडम, वार द्या ना आमची. पुराव लागती."

मी म्हटलं, "मावशी, ही वार मला पाहिजे. तपासायची आहे."

"वारंचं काय तपासता? आजार तर सुनंला हाय."

हा प्रश्न मी पुढे कितीतरी वेळा मनात घोळवला. आजार सुनेला होता, पण त्याचा उगम त्या ट्रेमधल्या मांसल चकतीत, म्हणजे वारेत (प्लासेंटात) होता. पूर्ण मोलर गर्भारपणात बाळ नसतंच, नुसती वारेची बिघडलेली वाढ असते, तरी त्या बाईला प्रीएक्लॅम्पसिया होऊ शकतो. वार निघाली की बीपी उतरणीला लागतं, कधी तासांत, कधी काही दिवसांत. म्हणून या आजारावर बाळंतपणाखेरीज खरा इलाज नाही.

सासूला मी ट्रेपाशीच बोलावलं. असं आम्ही एरवी करत नाही, पण त्या दिवशी केलं आणि बरं केलं.

पूर्ण दिवसांच्या बाळंतपणातली वार साधारण अर्धा किलोची असते. सुमारे २० ते २२ सेंटिमीटर व्यासाची, मधोमध अडीच सेंटिमीटर जाड, हाताला ओल्या स्पंजासारखी. ही वार मी पुसली, पडदे आणि नाळ कापून वेगळी केली आणि वजनकाट्यावर ठेवली. १८५ ग्रॅम. १२ बाय ११ सेंटिमीटर. नाळ बारीक, मधोमध न लागता अगदी कडेला लागलेली. वार पालथी घातली, म्हणजे आईकडची बाजू वर आली, तर लालसर तपकिरी पृष्ठभागावर तीन ठिकाणी फिकट, टणक ठिपके. सुरीने सेंटिमीटरच्या अंतराने काप घेतले. चांगल्या भागातून सुरी अलगद जात होती. त्या ठिपक्यांपाशी अडली. आत पिवळट पांढऱ्या गाठी होत्या, सगळ्यांत मोठी तीन सेंटिमीटरची, हाताला शिजवलेल्या काळजाच्या तुकड्यासारखी. हे जुने इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग. एक गाठ मात्र काळपट लाल, नुकतीच झालेली. सगळं मिळून वारेचा सुमारे पाचवा हिस्सा निकामी होता.

सासू वाकून बघत होती. "माय, ह्या तर गाठी हायेत. गाईच्या वारंला असत्यात तशा."

तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, फक्त गाईच्या गाठी निरोगी असतात. गाईची वार गर्भाशयाला अशाच बऱ्याच वेगवेगळ्या गाठींनी चिकटलेली असते आणि वासराकडचे थर गाईच्या रक्तवाहिन्या फोडून आत शिरत नाहीत. दोघांमध्ये इतके पडदे राहतात की गाईच्या रक्तातली रोगप्रतिकारक प्रथिनं वासराला पोटात मिळतच नाहीत. म्हणून तर जन्मल्याबरोबर वासराला चीक पाजायची घाई असते. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकरी घरात हे शिकवावं लागत नाही. माणसाची वार मात्र थेट आईच्या रक्तात बुडालेली असते. त्यामुळे बाळाला आईची प्रतिकारशक्ती पोटातच मिळते, त्यातली बरीचशी शेवटच्या काही आठवड्यांत. तिसाव्या आठवड्याच्या आत जन्मलेल्या या मुलीचा तो वाटा बुडाला होता. आणि रक्तात बुडण्याची ही सोय मिळवायला माणसाच्या वारेला जे धाडस करावं लागतं, त्यातच प्रीएक्लॅम्पसियाचं मूळ आहे.

ते धाडस असं. गर्भ रुजल्यावर त्याच्या बाहेरच्या थरातल्या ट्रोफोब्लास्ट पेशी वार बनवू लागतात. काही पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड, बिनशिवणीचं आवरण तयार करतात. त्यासाठी लागणारं सिन्सिटिन हे प्रथिन ज्या जनुकातून येतं, ते मुळात एका विषाणूचं. काही कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या पेशींत शिरलेलं आणि तिथेच राहिलेलं. २००० साली हे उजेडात आलं. मला अजूनही शिकवताना या ठिकाणी थांबावंसं वाटतं. याच आवरणाने मढलेल्या बारीक बारीक फांद्या आईच्या रक्तात तरंगतात. नवव्या महिन्यात त्या सगळ्यांचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर दहा बाय बाराची खोली झाकेल.

दुसऱ्या काही ट्रोफोब्लास्ट पेशी मात्र फांद्या सोडून आईच्या गर्भाशयात शिरतात आणि तिथल्या नागमोडी धमन्यांपर्यंत पोचतात. आधी त्या या धमन्यांची तोंडं बुजवतात. पहिले दहा-बारा आठवडे गर्भ आईच्या रक्तावर नाही, गर्भाशयातल्या ग्रंथींच्या स्रावावर वाढतो, तेही कमी प्राणवायूत, कारण कोवळ्या पेशींना जास्त प्राणवायू सोसत नाही. मग बुचं सैल होतात आणि रक्त वाहू लागतं. तोवर आणि त्यानंतरचे काही आठवडे या पेशी धमनीची भिंतच बदलत असतात. आतला स्नायू जातो, नळी रुंद आणि ढिली होते, हाक मारली तरी आखडत नाही. हा बदल गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या तिसऱ्या भागापर्यंत खोल जातो. रॉबर्टसन, ब्रोसेन्स आणि डिक्सन यांनी १९६७ मध्ये हे नीट मांडलं आणि प्रीएक्लॅम्पसियात हा बदल अर्धवट राहतो हे पुढे १९७२ मध्ये दाखवलं.

त्या बाईचा नवरा घरचं रान कोरडवाहू म्हणून उसाला जातो, पण लहानपणी दुसऱ्याच्या मळ्यात रात्रीची दारं धरलेला. त्याला मी हे पाण्याच्या भाषेत सांगितलं. पाटाचं तोंड अरुंद ठेवलं तर काय होतं? "पाणी जोरात घुसतं, माती वाहून जाती, मुळ्या उघड्या पडतात." आणि रुंद केलं तर? "हळू पसरतं, सगळा वाफा भिजतो." मग मी म्हटलं, हिच्या गर्भाशयातली दारं रुंद झालीच नाहीत. केंब्रिजच्या ग्रॅहम बर्टन यांच्या गटाने २००९ मध्ये गणित मांडून हेच दाखवलं. धमनीचं तोंड रुंद झालं तर रक्त सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या संथ गतीने वारेत येतं. अरुंद राहिलं तर एक-दोन मीटरच्या वेगाने उसळतं आणि समोरच्या फांद्या फाडतं. भरीला अशी न बदललेली धमनी मधूनच आखडते, मग पुरवठा कमी-जास्त होतो, आणि कुठे तो पुरता तुटला की गाठ.

पॅथॉलॉजीतल्या माझ्या सहकारी बाईंनी आठ दिवसांनी काचपट्ट्या दाखवल्या. फांद्या विरळ, बारीक, वयाच्या मानाने अकाली पिकलेल्या. आईकडच्या एका धमनीच्या भिंतीत चरबी गिळून फुगलेल्या, फेसासारख्या दिसणाऱ्या पेशी. अहवालात त्यांनी लिहिलं: आईकडच्या रक्तपुरवठ्यातला दोष, तीव्र स्वरूप. हे शब्द एकाच अर्थाने वापरायचे हे जगभरच्या पॅथॉलॉजिस्टनी २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या बैठकीत ठरवलं. त्याआधी हीच वार चार ठिकाणी चार नावांनी नोंदली गेली असती.

आईचं बीपी का वाढतं, याचा धागाही वारेपाशीच जातो. उपाशी, मार खाल्लेली वार एसफ्लट-१ नावाचं प्रथिन आईच्या रक्तात जास्त सोडते. ते रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सांभाळणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतं, कामाला येऊ देत नाही. मग अस्तर आजारी पडतं: किडनीतून प्रोटीन गळतं, डोकं दुखतं, यकृत आणि प्लेटलेट गडबडतात. बॉस्टनच्या अनंत करुमांची यांच्या गटाने २००३ मध्ये हे दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा या आजाराचा दूत हाताला लागला.

आता तारखांकडे येते, कारण या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त टोचतं ते तारखांचं.

तिची शेवटची पाळी ऑगस्टच्या अखेरीची. दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रक आला आणि ती ११ आठवड्यांची गरोदर असताना नवऱ्यासोबत निघाली. उसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, कोयत्यावर मिळते, त्यामुळे बायको मागे राहिली तर कोयता अर्धा आणि उचल अंगावर. परतली ती २९ व्या आठवड्यात. मधल्या चार महिन्यांत तिने मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहून ट्रकमध्ये चढवल्या, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहिली. वारेची घडण ज्या आठवड्यांत पक्की होते ते बहुतेक सगळे फडात गेले. मोळ्यांच्या ओझ्यामुळे हा आजार झाला असं मी म्हणणार नाही. वारेच्या कापांत तसं काही लिहिलेलं नसतं. पण त्या महिन्यांत तिचं बीपी एकदाही कुणी मोजलं नाही. जानेवारीत पायांना सूज आली म्हणून ती कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात गेली होती. ती चुरगळलेली चिठ्ठी तिथली. तिच्यावर इंजेक्शनचं नाव आणि पैसे लिहिलेले होते. बीपी नव्हतं.

आणि त्याच्याही आधी. निघण्यापूर्वी ती गावच्या उपकेंद्रात गेली होती. कार्डावर तारीख आहे, वजन आहे, बीपी ११२/७० आहे. मागच्या बाळंतपणाच्या रकान्यात एवढंच: "१, मृत." ते मूल कसं गेलं हे कार्डावर नाही. मी तिला विचारलं तेव्हा कळलं, की तीन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात हात-पाय, तोंड सुजलं होतं, फडातच दोन झटके आले होते आणि वाटेतल्या कुठल्याशा रुग्णालयात मेलेलं मूल झालं. "पाणी कमी झालं होतं" एवढं तिला सांगितलं गेलं. कागद हरवला. वार कुणी वजनही न करता पिवळ्या पिशवीत टाकली असणार.

म्हणजे ही बाई अकराव्या आठवड्यात, नेमक्या हव्या त्या आठवड्यात, आरोग्यसेवेच्या दारात उभी होती. झटक्यांचा इतिहास त्या रकान्यात असता तर तिला ॲस्पिरिन सुरू करता आलं असतं. लंडनच्या किप्रोस निकोलायडिस यांच्या नेतृत्वाखालच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: जोखीम जास्त असलेल्या गर्भवतींना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, तर ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. सोळा आठवड्यांनंतर सुरू केलं तर तेवढा उपयोग होत नाही, कारण तोवर वारेचा पाया पडून गेलेला असतो.

घरात मात्र वेगळीच चर्चा चालली होती. तिसऱ्या दिवशी वॉर्डाच्या जिन्यात सासू कुणाला तरी सांगत होती, "हिचंच पोट खोटं हाय. दोन्ही टायमाला तेच." मी तिथेच थांबले. मावशींना शांतपणे सांगितलं, की वार सुनेच्या शरीराची नसते. ती बाळाच्या पेशींची बनते, तिच्यात निम्मा वाटा तुमच्या लेकाचा. त्यातही, १९८४ मध्ये केंब्रिजला अझीम सुराणी आणि अमेरिकेत मॅकग्राथ व सॉल्टर यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की नुसत्या बापाकडच्या गुणसूत्रांचा गर्भ बनवला तर त्यात वारेचा भाग भरपूर वाढतो आणि गर्भ खुरटतो. वार वाढवण्यात बापाकडच्या जनुकांचा मोठा हात असतो. सासू काही बोलली नाही. पण नंतर सुनेच्या कॉटपाशी चहा घेऊन ती स्वतः आली, आणि कांगारू पद्धतीने बाळाला छातीशी घ्यायला सून थकली की सासूने पदराखाली नातीला धरलं. दिवसातून तीन-तीन तास. ५२ दिवसांनी मुलगी १,६४० ग्रॅमची होऊन घरी गेली.

वारेचं दुर्दैव असं, की ती आमच्या हातात येते तेव्हा तिची कहाणी संपलेली असते. बाराव्या आठवड्यातली वार माणसात बघायची कशी? अमेरिकेत २०१४ मध्ये याच प्रश्नासाठी मानवी वार प्रकल्प सुरू झाला, गर्भारपणातच तिचं काम पाहता यावं म्हणून. २०१८ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटाने माणसाच्या ट्रोफोब्लास्टच्या मूळ पेशी वाढवल्या, केंब्रिजमध्ये मार्गेरिटा टर्को यांच्या गटाने ट्रोफोब्लास्ट पेशींचे वारेसारखे सूक्ष्म गोळे वाढवले. त्या बशीतला गोळा आणि माझ्या ट्रेमधली १८५ ग्रॅमची वार, दोन्हींकडून एकाच प्रश्नाचा पाठलाग चालला आहे. मी माझ्या टोकाला एवढं करू शकते: वार तोलायची, कापायची, लिहून ठेवायची आणि तो कागद बाईच्या हातात द्यायचा. त्या अहवालाची प्रत लॅमिनेट करून मी तिला दिली. वर लाल पेनाने मराठीत लिहिलं: "पुढच्या वेळी दिवस गेले की दोन महिन्यांच्या आत हा कागद दाखवा."

तीन वर्षांनी, पोळा होऊन गेल्यावर, ती आली. पाळी चुकून महिना झाला होता. पिशवी तीच, लॅमिनेट केलेला कागद वरच. रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांच्या तपासण्या करून घेतल्या, त्या निर्दोष आल्या. बाराव्या आठवड्याला ॲस्पिरिन सुरू केलं, ७५ च्या दोन गोळ्या झोपताना. सोबत कॅल्शियम आणि लोह. गोळ्यांचा खर्च दिवसाला काही रुपये. खरी किंमत वेगळीच होती. तिने त्या हंगामाला जाऊ नये असं मी म्हटलं तेव्हा नवरा बराच वेळ खाली बघत राहिला. उचल घेतलेली होती. शेवटी धाकट्या भावाला सोबत घेऊन त्याने कोयता पूर्ण केला आणि ती घरी राहिली. आशाताईंनी दर पंधरा दिवसांनी बीपी मोजून मला फोनवर कळवलं. मी इथे औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिते खरी, पण त्या धाकट्या दिराने दिलेल्या हंगामाशिवाय ते बीपी कुणी मोजलं नसतं.

चमत्कार वगैरे झाला नाही. दोन्ही धमन्यांपैकी एकीत खाच पुन्हा दिसली. ३७ व्या आठवड्यात बीपी १४४/९२ झालं, लघवीत प्रोटीन नव्हतं. आम्ही थांबलो नाही, कळा सुरू करण्याचं ठरवलं, पण मागचं सिझेरियन होतं आणि गर्भाशयाचं तोंड कच्चं, म्हणून पुन्हा सिझेरियनच केलं. मुलगा झाला, २,४५० ग्रॅमचा, खणखणीत रडणारा.

बाहेर सासू तिथेच उभी होती, त्याच दारात. मुलगा की मुलगी हे नर्सने सांगितलेलं होतं. मला बघून तिने पहिला प्रश्न विचारला:

"मॅडम, वार किती भरली?"

"४३० ग्रॅम, मावशी."

"अन् गाठी?"

मी तिला ट्रेपाशी नेलं.